गोळा आला, गाव आलं

आमच्या रोहिणखेडात पहाटे कुणी पळताना दिसलं, तर गाव त्याची दोनच कारणं धरतं. एक तर पोलीस भरती, नाहीतर मोताळ्याची गाडी सुटतेय. तिसरं कारण असू शकतं हे गावाला मंजूर नाही. त्यामुळे बुलढाण्याच्या डॉक्टरांनी ‘साखर काठावर आलीय, रोज घाम निघेपर्यंत चाला, जमलं तर पळा’ असं बजावल्यावर पन्नाशी ओलांडलेला हा देह नव्या बुटांसकट रस्त्यावर अवतरला, तेव्हा पहिल्याच वळणावर दुधाच्या कॅन लावलेली एक मोटारसायकल कचकन थांबली.

“काय झालं भाऊ? घरी कोनी बिमार हाये का?”

“नाही हो. पळतोय.”

“थे तं दिसून राह्यलं. पन काऊन?”

“तब्येतीसाठी.”

त्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. “तब्येत बरी नाई अन् पळता कायले? बसा मांगं, सोडतो घरी.”

मी नको म्हटलं. त्याने गाडी काढली आणि बातमी माझ्याआधी गावात पोचवली. मी घरी आलो तेव्हा ‘भाऊजींचं काय झालं’ याची चौकशी करायला आलेल्या दोन शेजारणी चहा पिऊन, कप विसळून परत गेलेल्या होत्या.

आमच्या जिल्ह्यात माणसाची पहिली ओळख म्हणजे तो घाटावरचा की घाटाखालचा. बुलढाणा शहर वर, वाऱ्यावर. राजूर घाट उतरलं की खाली आम्ही, डोंगराच्या पायथ्याशी तापत बसलेले. घाटावरच्या लोकांच्या पळण्याला मॉर्निंग वॉक म्हणतात, कारण त्यांना परत येताना स्वेटरची आठवण होते. आम्ही वैशाखात साडेपाचला बाहेर पडलो तरी परत आल्यावर बनियन पिळून तुळशीला पाणी घालता येतं. (बायकोने घालू दिलं नाही. तुळस खारट होईल म्हणाली.)

एकट्याने पळण्यात गावाच्या चौकशा फार, म्हणून मी पुतण्याच्या टोळीत शिरलो. पुतण्या पोलीस भरतीची तयारी करतो. त्याच्याबरोबर गावातले आणखी काही पोट्टे आणि दोन-तीन मुली. या मंडळींचं जग आकड्यांचं आहे. शारीरिक चाचणी ५० गुणांची. पोरांना १६०० मीटर धावण्याचे २०, १०० मीटरचे १५, गोळाफेकीचे १५. सोळाशे मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत मारले की वीसपैकी वीस. मुलींना ८०० मीटर. देवाचं नाव घ्यायच्या आधी यांच्या तोंडी ‘पाच-दहा’ येतं. एक जण तर मला म्हणाला, “काका, पाच-दहाले पोचलो की मंग लग्नाचं पाहू.” मी आपला समजलो, पगार पाच-दहा हजार.

पुतण्याने समजूतदारपणे सांगितलं, “काका, तुम्ही हळूहळू या मागून.”

पन्नाशीच्या पुरुषाला उद्देशून ‘हळूहळू’ हा शब्द वापरू नये, असा कायदा व्हायला हवा. मी त्याच क्षणी पुढच्या रांगेत गेलो. पहिले दोनशे मीटर मी त्यांच्या बरोबरीने होतो. हे मी नंतर ज्यांना ज्यांना सांगितलं, त्यांनी कौतुक करण्याऐवजी ‘आणि मग?’ एवढंच विचारलं. मग काय, मागून भरतीचीच एक मुलगी आली आणि धापही न लागता म्हणाली, “काका, साइड.” मी साइड दिली, पण हार मानली नाही. वेग वाढवला. सकाळी पोटात फक्त चहा होता. नवे बूट मलकापूरच्या बाजारातून ‘वापरता वापरता सैल होतील’ या आश्वासनावर घेतलेले होते आणि ते अजून आश्वासनाच्याच अवस्थेत होते.

आमच्या गावात खुदावंद खान महदवीने १५८२ साली बांधलेली दगडी मशीद आहे. संरक्षित वास्तू. तिच्या थोडं अलीकडे माझ्या उजव्या पोटरीत कुणीतरी आतून मूठ आवळली. आणि ती सोडेचना.

मी खाली बसलो, म्हणजे रस्त्यानेच मला बसवलं. पँट वर करून पाहिलं. पोटरीचं मांस वर सरकून कातडीखाली टणक गोळा उभा राहिलेला, आणि तो माझी परवानगी न घेता थरथरत होता. बुटातला अंगठा मोताळ्याकडे निघालेला, बाकीची चार बोटं बुलढाण्याकडे. गोळाफेकीचे पंधरा गुण मिळवण्याआधीच गोळा मिळाला होता, फक्त तो फेकायची सोय नव्हती. मी ओरडलो. एक कोंबडा अर्ध्यातच थांबला.

पहाटे नळ येतो तेव्हाही आमच्या गावात इतकी माणसं इतक्या लवकर जमत नाहीत.

“अटॅक हाये,” पहिल्याने निदान केलं.

“पायाले येते का बे अटॅक?”

“आजकाल कशालेबी येते.”

तिसऱ्याने मला बाजूला सारून, म्हणजे माझ्या पायापासून मला वेगळं मानून, पोटरीची तपासणी केली. “पानी कमी पडलं.” चौथा म्हणाला, “पानी कमी नाई, मीठ कमी पडलं.” पाचव्याने विचारलं, “रात्री भात खाल्ला होता काय?” मी मानेने हो म्हटलं. “मंग वात हाये,” तो म्हणाला आणि जिंकल्यासारखा मागे सरकला. पाणीवाला आणि मीठवाला यांची मात्र जुंपली. पाणीवाल्याचं म्हणणं, तांब्याभर पाणी पाजा. मीठवाल्याचं म्हणणं, नुसतं पाणी पाजलं तर आहे ते मीठही धुऊन जाईल. वाद माझ्या पोटरीवर चालला होता, पण पोटरीचं मत कुणी घेत नव्हतं.

एवढ्यात पहिलवान आले. ते आता कुस्ती खेळत नाहीत, पण गावातल्या कुणाच्याही अंगावर हात टाकण्याचा परवाना त्यांनी सोडलेला नाही. “नस चढली. उतरवतो,” म्हणाले आणि अंगठा त्या गोळ्यावर रोवला. यानंतर मी जे ओरडलो त्याला आधीचं ओरडणं म्हणजे तालीम होती.

केळीवाला गाडा घेऊन चौकाकडे निघाला होता. गर्दी दिसली की केळीवाला वळतो, हा निसर्गनियम आहे. “हे जळगावचं केळं हाये भाऊ, रावेरकडचं. याच्यात पोटॅश असते. एक खाल्लं की गोळा गायब.” त्याने माझ्या हातात केळं दिलं आणि शेजारच्याकडे पैसे मागितले. मग औषधाच्या दुकानात काम करणारा एक पोऱ्या धावत आला, त्याच्या हातात फवाऱ्याचा डबा. “मॅच पाह्यता ना? खेळाडू पडला की फुस्स करतात. लगेच उठतो.” त्याने फुस्स केलं. पँटवर. पँटच्या वेदना थांबल्या असाव्यात.

या सगळ्यात निवृत्त गुरुजी पोचले. गुरुजींना गावाचा इतिहास पाठ आहे, फक्त तो ऐकायला उभा राहील असा माणूस त्यांना मिळत नाही. आज मिळाला, आणि तोही उठून जाऊ न शकणारा.

“रोहिणखेड हे लढायांचं गाव,” त्यांनी काठी टेकून सुरुवात केली. “१४३७ साली बहमनींचा सरदार खलफ हसन बसरी यानं इथं खानदेशच्या नसीर खान फारुकीचा धुव्वा उडवला. नसीर खान पळाला तो बुऱ्हाणपूर, आणि तिथून थेट लळिंग. धुळ्याजवळ! तेवढं पळाला, कुठं गोळा आल्याची नोंद नाही.”

“तो घोड्यावर होता, गुरुजी,” मी दात आवळून म्हणालो.

“मग पुढं १५९० च्या सुमारास पुन्हा लढाई. बुऱ्हाण निजामशहा आणि अहमदनगरचा जमाल खान. जमाल खान तर इथंच पडला.”

“पायात गोळा आल्याने?” गर्दीतून कुणीतरी आस्थेने विचारलं.

गुरुजींनी त्याच्याकडे पाहिलं. ते उत्तर देणार, एवढ्यात गर्दीतून एक आजी पुढे झाल्या. या आजी शेगावला गजानन महाराजांच्या दर्शनाला बरीच वर्षं पायी जातात. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही. रस्त्यावर बसल्या, माझा बूट काढला, एका हाताने टाच धरली, दुसऱ्या हाताने पंजा, आणि पंजा हळूहळू माझ्या गुडघ्याकडे वाकवत नेला. “पाय लांब कर. गुडघा वाकवू नको. आता थांब.” मी थांबलो. गोळा कातडीखाली वळवळला, सैल झाला, एकदा परत यायचा विचार केला आणि विरघळला. अर्धं मिनिट लागलं असेल, नसेल.

“पळायचं तं पळ,” बूट माझ्या मांडीवर ठेवत त्या म्हणाल्या, “पन आपल्या पायानं पळ. पोट्ट्यायच्या पायानं कायले पळतं?”

आजी उठून गेल्या. त्यानंतर श्रेयाची वाटणी सुरू झाली. पहिलवानांनी जाहीर केलं की नस त्यांनीच मोकळी केली होती, आजीबाईंनी फक्त पाय धरला. फवारेवाल्या पोऱ्याने डब्याची किंमत सांगितली. मीठवाल्याने माझ्या ओठांना मीठ लागल्याचं दाखवून दिलं. केळीवाला तर निघून जाताना चारचौघांना सांगत होता, “पाह्यलं ना? केळं हाती घेतलं अन् उठला.” केळं अजून सालीसकट माझ्या हातात होतं.

पोटरी दुखत होती, म्हणून वाचन सुरू केलं. वाचल्यावर कळलं, आमच्या रस्त्यावरचा वाद शंभर वर्षांचा आहे आणि तो चालवणारे लोक आमच्याहून बरेच शिकलेले आहेत. मीठवाल्याचा पक्ष जुना. १९२३ साली मॉस नावाच्या संशोधकाने इंग्लंडच्या कोळसा खाणींत घामाने निथळणाऱ्या कामगारांच्या पेटक्यांचा अभ्यास मांडला. ते घाम गाळून वर नुसतं पाणी पीत, मीठ भरून निघत नसे. पाण्यात मीठ घालून दिलं तर फरक पडे. म्हणजे आमचा मीठवाला अगदीच खोटा नव्हता. वाईट एवढंच की खाणकामगार तासन्‌तास खपत आणि मी फर्लांगभर पळालो होतो.

दुसरा पक्ष आजींचा. दक्षिण आफ्रिकेच्या मार्टिन श्वेलनस यांनी १९९७ साली मांडलं की व्यायामात येणारा पेटका मुख्यतः थकलेल्या स्नायूचा असतो. स्नायूला आखडायला सांगणारे मज्जातंतू जोरात, आणि ‘पुरे आता’ म्हणणारे मज्जातंतू दमून गप्प. मग स्नायू आखडतच राहतो. पंजा वर ओढला की स्नायू ताणला जातो आणि ‘पुरे’ म्हणणाऱ्यांना पुन्हा आवाज फुटतो. त्यांनी पुढे २१० आयर्नमॅन स्पर्धकांना तपासलं. हे लोक ३.८ किलोमीटर पोहतात, १८० किलोमीटर सायकल मारतात आणि वर ४२ किलोमीटर पळतात. पेटके आलेल्या आणि न आलेल्यांच्या शरीरातल्या पाण्यात आणि सोडियममध्ये पेटक्याचं कारण ठरावं असा फरक सापडला नाही. सापडलं ते हे, की पेटके येणारे जास्त वेगाने पळाले होते, आणि त्यांना आधीही पेटके आलेले होते. स्पर्धेत वेग वाढवला की गोळा. एवढ्यापुरता मी आयर्नमॅनच्या पंक्तीत बसतो. मी हे पुतण्याला सांगितलं. तो म्हणाला, “काका, पोहायचं काय मंग?”

केळ्याचं पोटॅश खरं, पण केळं खाऊन रक्तातलं पोटॅशियम वाढायला अर्धा-एक तास जातो आणि वाढतं तेही जेमतेम. तोवर गोळा आपला आपण जाऊन घरी पोचलेला असतो. मॅग्नेशियमच्या गोळ्यांचा उतारवयातल्या पेटक्यांवर फारसा उपयोग दिसत नाही, असं आजवरच्या अभ्यासांचा आढावा सांगतो. हे मी औषधवाल्या पोऱ्याला ऐकवलं. तो म्हणाला, “मंग जिंकची देऊ काय?”

आता लोणच्याची गोष्ट, ती मात्र सविस्तर सांगायला हवी. ३ सप्टेंबर २००० रोजी अमेरिकेत डॅलसजवळ एक फुटबॉल सामना झाला. त्यांचा फुटबॉल म्हणजे हाताने खेळायचा, हे वेगळंच. पारा ४३ अंशांवर, म्हणजे मे महिन्यातलं आमचं मलकापूर. फिलाडेल्फियाच्या खेळाडूंना त्यांच्या प्रशिक्षकांनी लोणच्याचं पाणी पाजलं होतं. काकडीच्या लोणच्याचं, व्हिनेगरचं. ते जिंकले, आणि लोणच्याचं पाणी जगप्रसिद्ध झालं. मग २०१० साली केव्हिन मिलर यांच्या चमूने तरुणांच्या पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत विजेने मुद्दाम पेटका आणला आणि एकदा नुसतं पाणी, एकदा लोणच्याचं पाणी दिलं. लोणच्याच्या पाण्याने पेटका लवकर सुटला. इतका लवकर, की तेवढ्या वेळात मीठ रक्तात पोचणंच शक्य नव्हतं. म्हणून अंदाज असा की घशात तो आंबट-खारट झटका बसला की तिथूनच मज्जातंतूंना ‘सोडा’ असा निरोप जातो.

हे मी घरी मोठ्याने वाचलं ही गोष्ट आमच्या आत्याच्या कानावर गेली. आत्याच्या कैरीच्या लोणच्याला पंचक्रोशीत नाव आहे. “मी कवापासून सांगून राह्यली,” ती म्हणाली, जरी तिने आजवर लोणच्याबद्दल ‘बरणीत ओला चमचा घालू नको’ याशिवाय काहीही सांगितलेलं नव्हतं. दुसऱ्या पहाटे तिने वाटीभर खार माझ्यासमोर धरला. अमेरिकन लोणच्याचं पाणी पातळ असतं. आमच्या खारात तेल, मोहरी, हिंग आणि गेल्या वर्षीची तिखट मिरची. मी घोट घेतला. घशात झटका बसला, शास्त्राने सांगितलं त्याहून मोठा. त्या दिवशी पेटका आला नाही हे खरं, पण त्याचं कारण मी पळायला गेलोच नाही. मी परसाकडेच होतो.

पाणी प्या, असा सल्ला तर सर्वांचाच असतो. आमच्या नळगंगा नदीच्या तहानलेल्या खोऱ्यात राहणाऱ्याला ‘पाणी प्या’ म्हणणारा माणूस आशावादी म्हणायला हवा. वैनगंगेचं पाणी चारशेहून अधिक किलोमीटर कालव्यातून नळगंगेत आणायच्या योजनेला २०२४ साली मंजुरी मिळाली आहे. ते पोचलं की मी रोज दोन तांबे जास्त पिईन, असा शब्द देतो. तोवर मी घरीच पाण्यात मीठ-साखर घालतो. लिटरभर पाण्याला सहा सपाट चमचे साखर, अर्धा सपाट चमचा मीठ. पण हा जुलाबात नाहीतर उन्हात तासभर घाम गाळल्यावर घ्यायचा उपाय. साखर काठावर असलेल्याने तो रोज सकाळी सवयीने घेतला, की डॉक्टर बुलढाण्याहून खाली उतरून येतात. बाजारात ‘ओआरएस’ लिहिलेले गोड डबे असायचे. त्यांतल्या बऱ्याच डब्यांत साखर पुष्कळ आणि सूत्र जागतिक आरोग्य संघटनेचं नाही, म्हणून २०२५ च्या ऑक्टोबरात अन्नसुरक्षा प्राधिकरणाने तसं नाव लावायला मनाई केली. आमच्या टपरीवाल्याकडे एक डबा शिल्लक होता. “नाव बंद केलं, सरबत थोडंच बंद केलं,” तो म्हणाला आणि किंमत तीच ठेवली.

चौकात विषय निघाला की मॅक्सवेल येतोच. ७ नोव्हेंबर २०२३, वानखेडे, विश्वचषक, समोर अफगाणिस्तान. २९२ हव्यात आणि ऑस्ट्रेलियाचे ९१ वर सात बाद. ग्लेन मॅक्सवेलच्या पायांत, पाठीत पेटके. मैदानावर आडवा पडला, उठला, पाय हलवायचंच बंद केलं आणि उभ्या जागेवरून फक्त हात फिरवत १२८ चेंडूंत नाबाद २०१. पलीकडून कमिन्सने ६८ चेंडूंत १२ केल्या, पण त्या बाराही सोन्याच्या. सामना काढला.

“त्याले गोळा आला तं दोनशे मारले,” चौकातल्या एकाने मला विचारलं, “तुम्ही काय मारलं?”

“बोंब,” दुसऱ्याने परस्पर उत्तर दिलं.

दिवसाचे गोळे निभावले, तर रात्रीचे आले. मध्यरात्री डाव्या तळव्यात आखडलं आणि बोटं पंख्यासारखी पसरली. मी बायकोला हलवलं. “पंजा धर! पंजा धर!”

ती दचकून उठली. “कोणाचा?” तिला निवडणुकीचं स्वप्न पडलं असावं. मग अंधारात तिने एक पाय पकडून जोरात वर ओढला. तो उजवा होता. आता दोन्ही पाय दुखत होते आणि सहानुभूती कुठल्याच पायाला मिळत नव्हती.

सकाळी शेजारच्या वृद्ध आप्पांनी सांगितलं, पूर्वी याला कोयनेल द्यायचे. खरंच द्यायचे. पण कोयनेलमुळे रक्तातल्या बिंबिका घसरतात, हृदयाचे ठोके बिघडतात, म्हणून अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९४ सालीच पेटक्यांसाठी ते चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. आप्पांना मी हे सांगितलं. ते म्हणाले, “आमच्या टायमाले लोक तब्येतीनं मजबूत होते.” आप्पांना स्वतःला रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी सुरू आहे. अशा गोळ्यांनीही पेटके येतात, आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांनी स्नायू दुखतात. ज्याला वारंवार पेटके येतात, किंवा एकच पाय सुजून लाल, गरम झालाय, त्याने चौकात न जाता डॉक्टरकडे जावं. आप्पा गेले. डॉक्टरांनी गोळी बदलली. आप्पांनी श्रेय लसणाला दिलं.

शेवटी मी घाटावर जाऊन एका फिजिओथेरपिस्ट मुलीला गाठलं. तिने माझं सगळं आख्यान ऐकलं. खार, केळं, फवारा, १४३७ ची लढाई. मग म्हणाली, “काका, तुम्ही एकदम वेगात सुरू केलंत ना?”

“वेगात म्हणजे, पोरांच्या बरोबर.”

“मग पोरांच्या मागून करा.” तिने एक कागद दिला. सुरुवातीला दहा मिनिटं नुसतं चालायचं. अंतर वाढवलं त्या आठवड्यात वेग वाढवायचा नाही. रिकाम्या पोटी, फक्त चहावर पळायचं नाही. तहान लागेल तसं पाणी, लांब पळणं आणि ऊन असेल तर त्यात चिमूटभर मीठ. बूट बोटांना ऐसपैस. टाचा उचलून हळूहळू खाली सोडायच्या, पायरीच्या कडेवर उभं राहून. आणि भिंतीला हात टेकून, मागचा पाय सरळ, टाच जमिनीला, भिंत ढकलल्यासारखं उभं राहायचं. एकदा गुडघा ताठ, एकदा वाकवून. “हमखास काहीच नाही,” ती प्रामाणिकपणे म्हणाली, “पण याने कमी होतात.”

एवढंच? माझी निराशा लपली नसावी, कारण तिने घाईने एक रंगीत रबरी पट्टाही दाखवला. तेव्हा कुठे पैसे वसूल झाल्यासारखं वाटलं. पट्टा आता बायको उन्हाळ्यात वाळवणाची चादर बांधायला वापरते.

मी भिंत ढकलतो हे गावाला कळायला वेळ लागला नाही. पहिल्या दिवशी मशिदीजवळ पोचल्यावर पाय जरा आखडला, म्हणून मी तिथल्या भिंतीकडे वळलो, तर पुतण्या ओरडला, “काका, ते नको! संरक्षित हाये!” मग विजेच्या खांबाला हात टेकला, तर लाइनमनचा एक नातेवाईक थांबला. शेवटी शाळेचं कुंपण सापडलं. दोन्ही हात भिंतीला, एक पाय मागे, मान खाली, असा मी उभा असताना मागून तीच दुधाची मोटारसायकल कचकन थांबली.

“भाऊ, कोनी पकडलं काय? तपासनी चालू हाये?”

आताशा मी पोरांच्या मागून पळतो. बराच मागून. ती मुलगी परतीच्या फेरीत समोरून येते आणि ‘काका, साइड’ न म्हणता आपणच वळून जाते. गोळा क्वचित येतो, आला तर मी गुपचूप खाली बसून पंजा ओढतो. ओरडत नाही. ओरडलं की गाव जमतं, आणि गोळा अर्ध्या मिनिटात उतरतो, तसं गावाचं नाही.

तरी गावकऱ्यांना हात जोडून एक विनंती आहे. भरतीचे दिवस आहेत, पोट्टे पळतायत, त्यांच्या मागे आमच्यासारखेही पळतायत. रस्त्यावर कुणी पोटरी धरून बसलेला दिसला, तर आधी त्याचा गुडघा सरळ करा, पंजा धरा आणि त्याच्याकडे वाकवून थोडा वेळ थांबा. मीठ, केळं, लोणचं आणि इतिहास नंतर द्या.